केमिस्ट्रीचे न्युमरिकल का चुकतात, आणि सीईटीच्या आधी ते कसे बसवायचे

प्रश्न विचारणारी बारावीची मुलगी आहे, नागपूरचीच, बायोलॉजी ग्रुप. सीईटी देणार आहे आणि नीटपण. थिअरी बरी आहे, ऑरगॅनिक आवडतं, पण मॉक टेस्टमध्ये न्युमरिकल आले की निम्मे चुकतात. क्लासमधून मिळालेली फॉर्म्युल्यांची शीट टेबलासमोर भिंतीवर चिकटवलीय, ती पाठ आहे, तरी उत्तर चुकतं, आणि तिला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो की तिचं चुकलेलं उत्तर ऑप्शनमध्ये नेमकं बसलेलं असतं त्यामुळे चुकलं हे कळतच नाही. तर तिचं विचारणं असं की सर, अजून कोणते शॉर्टकट पाठ करू.

बेटा, शॉर्टकट अजून नको करू, आहेत त्यातलेच अर्धे काढून टाक. मी नागपुरात बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतोय आणि ज्या पोरापोरींचे न्युमरिकल चुकतात त्यांच्या वह्या बघितल्या की बहुतेक वेळा फॉर्म्युला बरोबरच लिहिलेला असतो. चूक असते ती त्याच्या आधी किंवा नंतर. आधी म्हणजे काय दिलंय ते नीट न वाचणं, नंतर म्हणजे युनिट आणि रेशो. फॉर्म्युला तुला विचारच करू देत नाही, आकडे टाकायला लावतो, आणि पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं म्हणून तो तीन चुकीचे ऑप्शन तुमच्या नेहमीच्या चुकांमधूनच बनवतो. त्यामुळे चुकीचं उत्तर ऑप्शनमध्ये असणं हा योगायोग नाही.

सगळ्या बेसिक केमिस्ट्रीत गणित एकच आहे: जे दिलंय त्याचे मोल करायचे, बॅलन्स केलेल्या रिॲक्शनवरून दुसऱ्या पदार्थाचे मोल काढायचे, आणि मग जे विचारलंय त्यात परत उतरायचं. ग्रॅम दिले तर मोलर मासने (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) भागायचं, एसटीपीला (० डिग्री टेंपरेचर आणि ठरलेलं स्टँडर्ड प्रेशर) गॅसचे लिटर दिले तर २२.४ ने, पार्टिकल दिले तर ६.०२२ × १०^२३ ने, सोल्युशन दिलं तर मोलॅरिटी, म्हणजे एक लिटर सोल्युशनमधले मोल, गुणिले लिटर. आपल्या मेट्रोत खापरीहून लोकमान्य नगरला जायचं असेल तर सीताबर्डीला उतरून लाइन बदलावीच लागते ना, तसं ग्रॅमवरून लिटरवर जाताना मोलवर यावंच लागतं, मधून थेट गाडी नाही. ग्रॅमचा रेशो थेट लावायला गेलीस की घोळ झालाच, काहून की रिॲक्शनमधले ते २, ३, ४ हे आकडे मोलचे असतात, ग्रॅमचे नसतात.

मोलचा अर्थ मनात पक्का पाहिजे, कारण तिथंच पहिली गळती आहे. जुन्या पुस्तकात व्याख्या अशी होती की १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके म्हणजे एक मोल. २०१९ पासून व्याख्या उलटी केली, आता आकडाच ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ × १०^२३, आणि तेवढे कण म्हणजे एक मोल. तुला गणितात ६.०२२ पुरतं, कित्येकदा नुसतं ६ पण चालतं. पण कण कोणते हे विचारायचं विसरू नको. ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये अणू किती असं विचारलं की पोट्टे ०.१ मोल काढतात आणि ६.०२२ × १०^२२ वर टिक करून मोकळे होतात, अरे पण ते मॉलिक्युल झाले, एका मॉलिक्युलमध्ये अणू तीन आहेत म्हणून उत्तर १.८ × १०^२३ येतं. नायट्रोजन गॅस म्हटलं की २८, नायट्रोजनचा अणू म्हटलं की १४. आणि २२.४ हा आकडा फक्त गॅसचा आहे, पाण्याला लावायचा नाही. एसटीपीला १८ मिलिलिटर पाण्यात मॉलिक्युल किती असं मुद्दाम विचारतात, तिथं एसटीपी शब्द दिसला की हात आपोआप २२.४ कडे जातो, पण ० डिग्रीला पाणी काही वाफ नाही, १८ मिलिलिटर म्हणजे १८ ग्रॅम म्हणजे सरळ एक मोल.

२२.४ वरून आठवलं, तू एनसीईआरटीपण वाचतेस म्हणजे तिथं तुला २२.७ दिसलं असेल आणि गोंधळ झाला असेल. दोन्ही बरोबर आहेत. प्रेशर १ ॲटमॉस्फिअर धरलं तर २२.४, १ बार धरलं तर २२.७. प्रश्नात बार लिहिलंय की ॲटमॉस्फिअर ते बघ, काहीच लिहिलं नसेल तर २२.४ लावून बघ, दोन्हीत फरक दीडेक टक्क्याचाच आहे, ऑप्शन लांब लांब असले तर काहीच बिघडत नाही.

आता एक गणित पूर्ण बसून करू, आणि आपल्या भागातलंच घेऊ. रामटेकजवळ मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत, आणि ते खनिज खणणाऱ्या मॉइलचं मुख्य ऑफिसही नागपुरातच आहे. समजा ५० ग्रॅम खनिज आहे, त्यात ८७% मँगनीज डायऑक्साइड आहे. त्यात १२ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड १०० मिलिलिटर टाकलं. एसटीपीला क्लोरीन किती लिटर मिळेल?

रिॲक्शन: मँगनीज डायऑक्साइड १ मोल + हायड्रोक्लोरिक ॲसिड ४ मोल → मँगनीज क्लोराइड १ मोल + क्लोरीन १ मोल + पाणी २ मोल.

सेंटरवर मिळणाऱ्या कोऱ्या कागदावर हे असं लिहायचं. आधी रिॲक्शन एका ओळीत, मोठ्या अक्षरात. मग प्रत्येक पदार्थाच्या नावाखाली काय दिलंय ते युनिटसकट. ५० ग्रॅमचे ८७% म्हणजे ४३.५ ग्रॅम, मोलर मास ५५ + ३२ = ८७, म्हणजे ०.५ मोल. ॲसिड १२ × ०.१ लिटर = १.२ मोल. आता इथं थांब, कारण इथंच सगळे घसरतात. ०.५ आणि १.२ शेजारी शेजारी दिसले की मन म्हणतं ०.५ लहान आहे, हेच आधी संपणार, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड लिमिटिंग, म्हणजे क्लोरीन ०.५ मोल, म्हणजे ११.२ लिटर. आणि ११.२ ऑप्शनमध्ये असतंच. पण ०.५ मोल मँगनीज डायऑक्साइडला ॲसिड लागतं ०.५ × ४ = २ मोल, आहे फक्त १.२. ॲसिड आधी संपणार. मग क्लोरीन १.२ ÷ ४ = ०.३ मोल, गुणिले २२.४, उत्तर ६.७२ लिटर. उरलेलं मँगनीज डायऑक्साइड ०.२ मोल, म्हणजे १७.४ ग्रॅम तसंच पडून राहणार.

लिमिटिंग रिएजंटसाठी मी पोरांना एकच सवय लावतो: प्रत्येक रिॲक्टंटचे मोल त्याच्या स्वतःच्या कोइफिशंटने, म्हणजे बॅलन्स केलेल्या रिॲक्शनमधल्या त्याच्या आकड्यानं, भाग, मग जो आकडा लहान तो लिमिटिंग. इथं ०.५ ÷ १ = ०.५ आणि १.२ ÷ ४ = ०.३. संपलं. पाच सेकंदाचं काम आहे पण ते भागलेले आकडे कागदावर लिहायचे, मनात नाही, मनात केलं की परीक्षेच्या घाईत पहिलीच सवय परत वर येते.

या रिॲक्शनमध्ये अजून एक बघण्यासारखं आहे. चार मोल ॲसिडमधले चार क्लोरीन अणू, पण गॅस होऊन बाहेर येतो तो एकच मोल क्लोरीन, म्हणजे दोनच अणू, बाकीचे दोन मँगनीजसोबत मीठ बनून बसतात. ज्यांनी रिॲक्शन बॅलन्स न करता चार क्लोरीन म्हणजे दोन मोल गॅस असा अंदाज केला त्यांचं उत्तर बरोबर दुप्पट येतं. म्हणून मी म्हणतो की बॅलन्सिंगला वेळ वाया गेला असं कधी समजू नको, न्युमरिकलमधलं अर्धं काम तिथंच होतं.

गॅस-गॅस रिॲक्शन असेल आणि टेंपरेचर-प्रेशर सारखं असेल तर एवढंही करायची गरज नाही, लिटरचा रेशो थेट मोलचाच रेशो असतो. १० लिटर नायट्रोजन, १५ लिटर हायड्रोजन, पूर्ण रिॲक्शन (१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया): १५ ÷ ३ = ५, म्हणजे ५ लिटर नायट्रोजन वापरला, १० लिटर अमोनिया झाला, ५ लिटर नायट्रोजन उरला. पण फ्लास्कमध्ये शेवटी एकूण किती असं विचारलं तर १५ लिटर, १० नाही, उरलेला मोजायचा.

आता सोल्युशन. तुझ्या शीटवर मोलॅरिटी = १० × टक्के × डेन्सिटी ÷ मोलर मास असा फॉर्म्युला नक्की असेल, आणि तो १० कुठून आला हे तुला कुणी सांगितलं नसेल तर तो फॉर्म्युला फाडून टाक. एक लिटर सोल्युशन डोळ्यासमोर धर आणि सरळ चाल. बाटलीतलं सल्फ्युरिक ॲसिड, ९८%, डेन्सिटी १.८४. एक लिटरचं वजन १८४० ग्रॅम. त्यातलं ९८% ॲसिड, १८०३.२ ग्रॅम. मोलर मास ९८, भागलं की १८.४. झाली मोलॅरिटी, १८.४. आणि मोलॅलिटी विचारली तर १०० ग्रॅम सोल्युशन घे: ९८ ग्रॅम ॲसिड म्हणजे १ मोल, पाणी फक्त २ ग्रॅम म्हणजे ०.००२ किलो, १ ÷ ०.००२ = ५००. त्याच बाटलीची मोलॅरिटी १८.४ आणि मोलॅलिटी ५००! हे एकदा हातानं करून बघितलं की दोघांचे खालचे भाग वेगळे आहेत, एकाचं एक लिटर सोल्युशन आणि दुसऱ्याचं एक किलो सॉल्व्हंट, हे परत कधी विसरणार नाहीस. टेंपरेचरचं पण तसंच. डिसेंबरच्या थंडीत बनवलेलं सोल्युशन मे महिन्यात ४५ डिग्रीला तपासलं तर पाणी प्रसरण पावून व्हॉल्यूम साधारण एक टक्का वाढलेला असतो, मोलॅरिटी तेवढी घटते. मोलॅलिटी हलत नाही कारण वजन हलत नाही. टेंपरेचरवर कोण अवलंबून नाही असा थिअरी प्रश्न येतो तो यातूनच सुटतो.

एम१व्ही१ = एम२व्ही२ या फॉर्म्युल्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण यानं जितके मार्क घालवलेत तितके दुसऱ्या कशानं नाही. हा फॉर्म्युला एवढंच सांगतो की पाणी टाकल्यानं मोल बदलत नाहीत. डायल्यूशनला अगदी बरोबर आहे. पण पोरं तो टायट्रेशनला लावतात, आणि ॲसिड-बेस एकास-एक असेल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिक सोडा, तर योगायोगानं चालूनही जातो, त्यामुळे सवय पक्की होते.

तू प्रॅक्टिकलला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन केलंच असशील. ऑक्झॅलिक ॲसिड कोनिकल फ्लास्कमध्ये, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड, ६०-७० डिग्रीला गरम करायचं, ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट. आठवतंय का, सुरुवातीच्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो, आपण फ्लास्क फिरवत राहतो आणि वाटतं काहीतरी चुकलं, मग अचानक पुढचे थेंब पडल्या पडल्या रंगहीन व्हायला लागतात? पहिल्या थेंबातून तयार झालेलं मँगनीज टू प्लस हेच पुढच्या रिॲक्शनला वेग देतं, ऑटोकॅटॅलिसिस. आणि शेवटी एका जास्तीच्या थेंबानं फिकट गुलाबी रंग टिकला की एंड पॉइंट. आता त्याच टेबलवरचं गणित: १० मिलिलिटर ०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडला ०.०२ मोलर परमँगनेट किती लागेल? एम१व्ही१ लावलं तर ५० मिलिलिटर. म्हणजे अख्खी ब्युरेट रिकामी! तुझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग कधी ५० आलं होतं का? नाही ना. कारण रिॲक्शनमध्ये २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. ऑक्झॅलिक १० × ०.१ = १ मिलिमोल, परमँगनेट त्याच्या दोन-पंचमांश म्हणजे ०.४ मिलिमोल, ०.४ ÷ ०.०२ = २० मिलिलिटर. इथं मिलिमोल वापरले ते बघ, मोलॅरिटी गुणिले मिलिलिटर केलं की थेट मिलिमोल मिळतात, दर वेळी हजारनं भागायची कटकटच नाही, टायट्रेशनला हीच पद्धत ठेव.

ज्यांना नॉर्मॅलिटी आवडते त्यांनी एन१व्ही१ = एन२व्ही२ लावावं, ते टायट्रेशनला चालतं, पण मग एन-फॅक्टर, म्हणजे मोलॅरिटीला ज्यानं गुणलं की नॉर्मॅलिटी मिळते तो आकडा, डोळे मिटून टाकायचा नाही. परमँगनेटचा ॲसिडिकमध्ये ५, न्यूट्रलमध्ये ३, स्ट्राँग अल्कलाइनमध्ये १. मिडियम कोणतं ते प्रश्नात शोधायचं. अजून एक सापळा याच प्रॅक्टिकलमधला: बाटलीतलं ऑक्झॅलिक ॲसिड क्रिस्टल असतं, सोबत पाण्याचे दोन मॉलिक्युल, म्हणून मोलर मास १२६, ९० नाही. ६.३ ग्रॅम घेऊन ५०० मिलिलिटर बनवलं तर ०.०५ मोल अर्ध्या लिटरात, म्हणजे ०.१ मोलर. ९० धरलं तर ०.१४ येतं, आणि हो, तेही ऑप्शनमध्ये सापडेल.

पीएचची गणितं तर फुकटचे मार्क आहेत फक्त लॉगचे चार आकडे पाठ पाहिजेत: २ चा ०.३०१, ३ चा ०.४७७, ५ चा ०.६९९, ७ चा ०.८४५. बाकी सगळे यातून बनतात. ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिकचा पीएच २ वजा ०.३, म्हणजे १.७. ०.००५ मोलर सल्फ्युरिकमध्ये एका मॉलिक्युलचे दोन हायड्रोजन आयन धरायचे, ०.०१ होतात, पीएच २. मिक्स करायच्या गणितात एकूण व्हॉल्यूम विसरतात. ५० मिलिलिटर ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक आणि ५० मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड: १० मिलिमोल वजा ५ मिलिमोल, ५ मिलिमोल ॲसिड उरलं, पण आता १०० मिलिलिटरमध्ये आहे, म्हणून ०.०५ मोलर, पीएच १.३. ज्यानं ५० नं भागलं त्याला १ येतो. आणि १०^-८ मोलर हायड्रोक्लोरिकचा पीएच ८ लिहू नको कधी, ॲसिड आहे ते, कितीही डायल्यूट केलं तरी बेस होत नाही, पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन मोजले की उत्तर ६.९८ च्या आसपास येतं.

एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे अणूंचा सगळ्यात साधा पूर्ण आकड्यांचा रेशो, त्याबद्दल एकच गोष्ट: रेशो १.५ आला तर २ करू नको, १.३३ आला तर १ करू नको. लोखंड ७०%, ऑक्सिजन ३०%: ७० ÷ ५६ = १.२५, ३० ÷ १६ = १.८७५, रेशो १ ला १.५, दोननं गुणलं की २ ला ३, म्हणजे फेरिक ऑक्साइड. ०.१ चा फरक असेल तर राउंड कर, ०.३३ आणि ०.५ हे कधीच राउंड करायचे नसतात, गुणायचे असतात.

आता तू म्हणशील की सर हे झालं अकरावीचं, सीईटीत अकरावी फक्त २० टक्के असते, बारावीचं काय. बारावीचं तेच आहे, फक्त कपडे बदलून येतं. इलेक्ट्रोकेमिस्ट्री घे: ९.६५ अँपिअर करंट १००० सेकंद, म्हणजे ९६५० कुलंब, म्हणजे इलेक्ट्रॉनचे ०.१ मोल. कॉपर टू प्लसला दोन इलेक्ट्रॉन लागतात म्हणून ०.०५ मोल कॉपर, ३.१७५ ग्रॅम. परत मोलच. ९६५, १९३०, ३८६०, ४८२५ असले आकडे दिसले की ९६५०० शी, म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनच्या कुलंबशी, नातं शोधायचं, नातं असतंच. सोल्युशन चॅप्टर घे: १.८ ग्रॅम ग्लुकोज १०० ग्रॅम पाण्यात, ०.०१ मोल, ०.१ मोलल, फ्रीझिंग पॉइंट ०.१८६ नं खाली. मीठ असेल तर व्हॅन्ट हॉफ फॅक्टर २, कारण पाण्यात एकाचे दोन कण होतात. ऑस्मॉटिक प्रेशरला २७ डिग्री दिलेलं असतं ते मुद्दाम, म्हणजे ३०० केल्व्हिन, ०.०८२१ × ३०० = २४.६, हा आकडा पाठच करून ठेव, ०.१ मोलर ग्लुकोज म्हणजे २.४६ ॲटमॉस्फिअर. कायनेटिक्समध्ये फर्स्ट ऑर्डर ९९.९% पूर्ण व्हायला साधारण दहा हाफ लाइफ, कारण दोनचा दहावा घात १०२४.

कॅल्क्युलेटर नाही याची भीती काढ मनातून. पेपर काढणारा ते धरूनच आकडे घेतो. युरियाचा मोलर मास ६० आहे तर ग्रॅम ६, १२, ३० असेच देतो, हायड्रोक्लोरिक ३६.५ तर ३.६५, ७.३, सोडियम क्लोराइड ५८.५ तर ५.८५, ११.७, सुक्रोज ३४२ तर ३४.२, १७.१, ६.८४. पंधरा-वीस नेहमीचे मोलर मास आणि त्यांचे हे तुकडे ओळखीचे झाले की अर्धी भागाकारं करावीच लागत नाहीत. ही एकच गोष्ट मी पाठ करायला सांगेन, फॉर्म्युल्यांच्या शीटच्या जागी भिंतीवर हे मोलर मास लाव.

वेळेचं बोलू. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. केमिस्ट्रीतले थिअरीचे प्रश्न तुझी तयारी असेल तर १५-२० सेकंदात सुटतात, ते आधी संपव, वाचलेला वेळ न्युमरिकलला जातो, दीड-दोन मिनिटं आरामात मिळतात. सीईटीत निगेटिव्ह नाही म्हणून काहीही सोडायचं नाही, नीटमध्ये मात्र चुकलं की एक मार्क जातो, तिथं रेशोवर शंका असेल तर शेवटच्या फेरीत ये. आणि आकडेमोड सुरू करायच्या आधी उत्तर साधारण केवढं असायला पाहिजे ते स्वतःला सांग. शंभर मिलिलिटर ॲसिडमधून पन्नास लिटर गॅस निघत नसतो, ब्युरेट पन्नासचीच असते, ॲसिडचा पीएच सातच्या वर जात नाही. या एवढ्या अंदाजानं चारातले दोन ऑप्शन तिथंच गळतात.

सराव कसा करायचा ते सांगतो. रोज पन्नास न्युमरिकल करत बसू नको, सात-आठ कर पण चुकलेल्याची चूक नावानिशी लिही: रेशो, युनिट, टोटल व्हॉल्यूम, शुद्धता, अणू-मॉलिक्युल, क्रिस्टलचं पाणी. थोड्याच दिवसांत दिसेल की तुझ्या सगळ्या चुका यातल्या दोन-तीन नावांतच आहेत, प्रत्येकीचं वेगळं असतं, कुणाचा रेशो चुकतो, कुणाचं युनिट. मग पेपरात फक्त त्या दोन ठिकाणी थांबायचं.

आणि हे एक आज रात्रीच कर. १२.५ ग्रॅम चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ८०% शुद्ध, त्यावर १०० मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड. एसटीपीला कार्बन डायऑक्साइड किती? ऑप्शन २.८, २.२४, १.१२, ०.५६ लिटर. २.८ आलं तर तू शुद्धता आणि ॲसिड दोन्ही विसरलीस. २.२४ आलं तर शुद्धता घेतलीस पण एका कॅल्शियम कार्बोनेटला दोन ॲसिड लागतात ते राहिलं. ०.५६ आलं तर दोननं दोनदा भागलंस. १.१२ बरोबर आहे. ते आल्यावर परत एकदा प्रश्न बघ: ॲसिड ०.१ मोल आहे, त्याला चुनखडी लागते फक्त ०.०५ मोल म्हणजे ५ ग्रॅम, आणि १२.५ ग्रॅममधून ५ ग्रॅम तर निघतंच, मग ८०% चा आकडा शेवटच्या उत्तरात कुठं आलाच नाही. ज्याला हे आधी दिसतं त्याचं हे गणित वीस सेकंदात संपतं.